बेस गिटारचा मुका स्वर आणि एका वेळी एकच बदल

बेस गिटार घ्यायची म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो. "ॲश लाकडाचीच घे." "पिकअप बदलल्याशिवाय खरा आवाज येत नाही." "तारा जुन्या झाल्या की आवाज मुरतो." "केबल महागातली घे, फरक ऐकू येतो." यातली काही विधानं खरी आहेत, काही अर्धवट खरी, आणि काही अशी की ती खरी की खोटी हे तपासायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही. पीएचडीला यायची तयारी करणाऱ्या मंडळींसाठी हा लेख लिहितेय तो याच कारणाने. लॅबमधलं महागडं उपकरण हाताळायला मिळेल तेव्हा मिळेल, पण 'हे विधान तपासता येईल का, आणि कसं?' हा प्रश्न विचारायची सवय चार तारांच्या एका लाकडी वाद्यावरही लागते. शिवाय इथे चुकीच्या उत्तराची किंमत स्वतःच्या खिशातून जाते, त्यामुळे लक्ष चांगलं लागतं.

वाद्याची ओळख थोडक्यात. विजेवर चालणारी, फ्रेट असलेली आणि आडवी धरून वाजवायची बेस सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकातच केली होती, पण ती फारशी पसरली नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' आणली आणि मग चित्र बदललं. नाव बघा. उभ्या डबल बेसला पडदे नसतात, सूर बोटाच्या अंदाजावर लावायचा. सतारीला असतात तसे पडदे, म्हणजे फ्रेट, दिले की सूर नेमका लागतो, म्हणून प्रिसिजन. फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९५७ मध्ये त्याच्या कंपनीने या बेसचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला, १९६० मध्ये दोन पिकअपांची 'जॅझ बेस' आणली. आज दुकानात टांगलेल्या बेसपैकी निम्म्याहून जास्त या दोघींच्या लेकी-सुना वाटाव्यात अशाच असतात.

आता बारावीचं प्रॅक्टिकल आठवा. सोनोमीटर. ताणलेल्या तारेची वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि रेषीय घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. बेस गिटार म्हणजे चार सोनोमीटर शेजारी शेजारी. नेहमीच्या बेसवर नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. चार तारा ई, ए, डी, जी. वारंवारता अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ. चारही तारांचा मिळून ताण साधारण ७० ते ८० किलो वजनाइतका. एक मोठा माणूस त्या नेकला सतत लटकून बसलाय अशी कल्पना करा. हे लक्षात असलं की नेक का वाकते, हा प्रश्न पडत नाही. ती सरळ कशी राहते, हा पडतो.

याच सूत्रातून खरेदीचे काही निर्णय आपोआप सुटतात. पाच तारांच्या बेसवर खालची बी तार ३०.८७ हर्ट्झची असते. तीच तार ३४ ऐवजी ३५ इंचांवर लावून त्याच सुरात आणली तर ताण ३५ भागिले ३४ च्या वर्गाने वाढतो, म्हणजे सुमारे ६ टक्के. बी तार लिबलिबीत वाटते अशी तक्रार असणाऱ्यांसाठी काही कंपन्या ३५ इंची बेस करतात, त्याचं कारण हे. उलट ई तार खाली डी सुरात उतरवली तर ताण जवळजवळ २१ टक्के पडतो. तार सैल लागते, फ्रेटवर आपटते, आणि आपण वाद्याला दोष देतो. हात लहान असेल तर ३० इंची छोटी बेस घ्यायला काहीच हरकत नाही. पॉल मॅकार्टनीची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर याच लहान मापातली.

एवढं झालं की मूळ मुद्द्यावर येते.

आमच्या विभागात एक ज्युनिअर आहे, हॉस्टेलच्या बँडमध्ये बेस वाजवतो. सेकंडहँड घेतलेली जॅझ बेसच्या धाटणीची गिटार. एकदा माझ्याकडे आला तो तक्रार घेऊन. "ताई, जी तारेवर सहाव्या फ्रेटचा आवाज मरतो. बाकी सगळे स्वर चार-पाच सेकंद टिकतात, हा दोनात संपतो. पिकअपचा सेट बदलतोय, ऑर्डर टाकायच्या बेतात आहे." सेटची किंमत त्याच्या महिन्याच्या फेलोशिपच्या बरीच जवळ जात होती. मी म्हटलं, ऑर्डर दोन दिवस थांबव.

बेसवाल्यांच्या भाषेत याला 'डेड स्पॉट' म्हणतात. मी मुका स्वर म्हणते. फेंडरच्या धाटणीच्या, लाकडी नेक बोल्टने जोडलेल्या बेसवर तो बहुधा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतो. स्वर उमटतो, पण लगेच विरतो.

कारणं काय काय असू शकतात ते आधी कागदावर मांडलं. पिकअप खराब. तार जुनी. फ्रेट झिजलेला किंवा शेजारचा उंच. पिकअपचं मॅग्नेट तारेच्या फार जवळ, त्यामुळे तारेला ओढ. आणि शेवटचं, नेकचं अनुस्पंदन. पाच गृहीतकं झाली. आता प्रत्येकावर वेगळा प्रयोग करत बसायचं की असा एखादा प्रयोग शोधायचा जो एका फटक्यात दोन-तीन उडवेल? माझ्या मते संशोधनातली अर्धी हुशारी या दुसऱ्या पर्यायात असते, आणि आपल्याकडे परीक्षांच्या तयारीत ती कुठेच शिकवत नाहीत.

पहिली तपासणी फुकट होती: केबल काढा. ॲम्प बंद, गिटारच्या कडेला हनुवटी टेकवा आणि तोच स्वर छेडा. हाडातून आवाज छान ऐकू येतो. स्वर तसाच लवकर विरला. म्हणजे तार स्वतःच लवकर थांबत होती. पिकअप फक्त तारेचं कंपन मोजतो. थांबलेली तार महागातल्या पिकअपलाही थांबलेलीच दिसणार. ऑर्डर इथेच रद्द झाली. मॅग्नेटच्या ओढीचं गृहीतक मात्र अजून जिवंत होतं, कारण मॅग्नेट केबलशिवायही ओढतोच. पिकअपचे स्क्रू फिरवून तो पूर्ण खाली नेला. काही फरक नाही. तार जुनी असती तर सगळ्याच फ्रेटवर परिणाम दिसला असता, एकट्या सहाव्यावर नाही.

उरले दोन: फ्रेट आणि नेक. इथला प्रयोग मला स्वतःला फार आवडतो, कारण त्याला एक पैसा लागत नाही. जी तारेच्या सहाव्या फ्रेटवर सी शार्प वाजतो, १३८.६ हर्ट्झ. आता जी तारच अर्ध्या सुराने उतरवा. तोच सी शार्प आता सातव्या फ्रेटवर वाजेल. दोष फ्रेटमध्ये असेल तर मुका स्वर सहाव्या फ्रेटलाच चिकटून राहील, मग तिथे सूर कुठलाही असो. दोष वारंवारतेशी जोडलेला असेल तर तो सुराबरोबर सरकून सातव्यावर जाईल. दोन गृहीतकं, दोन वेगळी भाकितं, आणि खुंटीचे दोन-तीन पिळे. मुका स्वर सातव्यावर गेला. फ्रेट निर्दोष.

मग हाच सी शार्प डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर का मरत नाही? चांगला प्रश्न, आणि हा त्यानेच विचारला. कारण नुसती वारंवारता जुळून भागत नाही, जागाही जुळावी लागते. नेक एखाद्या पट्टीसारखी वाकून कंप पावते. हेडस्टॉकच्या बाजूला जास्त, बॉडीला जोडलेली असते तिकडे कमी. सहाव्या फ्रेटशी नेक जितकी हलते तितकी अकराव्याशी हलत नाही. तार ज्या ठिकाणी टेकलेली आहे ते ठिकाण तिच्याच वारंवारतेला सहज हलत असेल, तर तारेतली ऊर्जा तिकडे झरझर वाहून जाते. तारेसाठी हे अवमंदन. भिंतीला टेकून ढकलणं आणि झोपाळ्याला टेकून ढकलणं यात जो फरक, तोच.

याचं पद्धतशीर मोजमाप १९९० च्या दशकात म्युनिकच्या बुंडेसव्हेर विद्यापीठात हेल्मुट फ्लाइशर आणि सहकाऱ्यांनी केलं. गिटार आणि बेसच्या नेकवर प्रत्येक फ्रेटशी, प्रत्येक वारंवारतेला ती जागा किती सहज हलते, म्हणजे तिचं यांत्रिक कंडक्टन्स किती, हे त्यांनी मोजलं. जिथे ते जास्त, तिथे तार लवकर विरते. पुढे २०१४ मध्ये पॅरिसच्या आर्थर पाते, ज्याँ-लोइक ल कारू आणि बेन्वा फाब्र यांनी दाखवलं की फ्रेटवरचं कंडक्टन्स आणि तारेचं स्वतःचं अवमंदन ठाऊक असेल तर त्या जागी स्वर किती वेळ टिकेल याचं भाकीत आधी करता येतं. यातला 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. घडून गेल्यावर कारण सांगणं सोपं असतं, ते कुठलाही दुकानदार करतो.

कारण कळलं तर उपायही सूत्रातूनच निघायला हवा. कंप पावणाऱ्या कुठल्याही वस्तूची स्वाभाविक वारंवारता ताठरपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. हेडस्टॉकवर वजन वाढवलं की नेकची वारंवारता उतरते. एक पूर्ण अर्धसूर उतरवायची, म्हणजे १.०५९५ ने भागायची, तर परिणामी वस्तुमान त्याच्या वर्गाने, साधारण १२ टक्क्यांनी वाढायला हवं. यासाठी तयार पितळी क्लिपही मिळतात. आम्ही सुताराचा छोटा सी-क्लॅम्प घेतला, खाली जुन्या पंचाचा तुकडा घातला आणि हेडस्टॉकच्या टोकाला आवळला. मुका स्वर सहाव्यावरून पाचव्याकडे सरकला. मग क्लॅम्प थोडा खुंट्यांच्या दिशेने आत घेतला, तर अनुस्पंदन दोन फ्रेटांच्या मधे कुठेतरी बसलं आणि दोन्ही स्वर कामापुरते टिकायला लागले. रोग गेला नाही, फक्त दोन सुरांच्या फटीत लपला. याहून मुळावर जायचं असेल तर नेक जास्त ताठ हवी. नेड स्टाइनबर्गरने १९८० च्या सुमाराला हेडस्टॉकच नसलेली, कार्बन फायबरची बेस केली, ती याच कारणाने मुक्या स्वरांसाठी कमी बदनाम आहे. पण ती वेगळीच किंमत.

आता तुम्ही म्हणाल, कानाने ऐकून 'टिकला, नाही टिकला' हे काय मोजमाप झालं? बरोबर आहे. तपासणीसाठी कान चालतो, दाव्यासाठी नाही. मोजायचं असेल तर काही गोष्टी सांभाळा.

मोबाईलवर रेकॉर्ड करू नका. बहुतेक मोबाईल आवाज लहान झाला की आपोआप वाढवतात, मोठा झाला की दाबतात, आणि संथ विरणारा आवाज 'गोंगाट' समजून कापतातही. तुम्हाला विरण्याचा वेग मोजायचाय आणि उपकरण तोच बदलतंय! गिटारची तार थेट ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपला जोडा, ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. तीव्रता डेसिबलमध्ये काढली की घातांकी ऱ्हास सरळ रेषा होतो, तिचा उतार मोजायचा. रेषा मधेच मोडलेली दिसली, आधी तीव्र उतार आणि मग मंद, तर घाबरू नका. तार दोन प्रतलांत कंप पावते, फ्रेटबोर्डला लंब आणि समांतर, आणि दोन्हींचं अवमंदन वेगळं असतं. नेक मुख्यतः लंब दिशेला हलते, त्यामुळे ती दिशा आधी संपते. माझ्या मते हा मोडलेला उतार म्हणजे प्रयोग बिघडल्याची खूण नसून आणखी एक निबंध होईल इतकी माहिती आहे.

छेडणं सारखं कसं ठेवायचं? बोटाने दर वेळी वेगळं होतं. ध्वनिशास्त्राच्या प्रयोगांत यासाठी एक साधी युक्ती वापरतात: इनॅमलची बारीक तांब्याची तार गिटारच्या तारेभोवती अडकवून हळू ओढायची. ती ठरावीक ताणाला तुटते आणि गिटारची तार दर वेळी जवळपास सारख्याच जोराने सुटते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ही तार मिळते. प्रत्येक फ्रेट किमान पाच वेळा घ्या, आणि एक ते वीस असं क्रमाने घेऊ नका, चिठ्ठ्या टाका. क्रमाने घेतलं तर दुपारभरात खोलीचं तापमान आणि तुमचा कंटाळा हे दोन्ही फ्रेटच्या क्रमांकाबरोबर वाढत जातात, आणि मग परिणाम कुणाचा हे सांगता येत नाही.

लाकडाच्या वादाकडे आता वळता येईल. ॲश की आल्डर, शिसवी की मेपल, यावर लोक भांडतात. मुद्दा असा की एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. तुमच्याकडे एक ॲशची बेस आहे आणि एक आल्डरची, दोन्हींची शंभर-शंभर रेकॉर्डिंग केली, सरासरी काढली, फरक दिसला. तुमचा नमुना किती? दोनशे? नाही. प्रत्येकी एक. तुम्ही या बेसची तुलना त्या बेसशी केली, ॲशची आल्डरशी नाही. एकाच वस्तूवर पुन्हा पुन्हा मोजून नमुना वाढत नाही, मोजमापाची अचूकता वाढते. प्रबंध घेऊन येणाऱ्या मुलांमध्ये ही गल्लत इतकी दिसते की इथे थोडं ओरडूनच सांगते. एकाच कुंडीतली तीस पानं म्हणजे तीस झाडं नव्हेत.

जाता जाता: शिसवीचा आणि आपला संबंध खरा आहे. फ्रेटबोर्डसाठी भारतीय शिसवी जगभर वापरतात. २०१७ मध्ये सायटिस करारात शिसवीच्या संपूर्ण कुळावर व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा फेंडरसारख्या कंपन्यांनी काही मॉडेलवर पाव फेरो नावाचं दुसरं लाकूड लावलं. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. त्या मधल्या काळातल्या बेस 'वेगळ्या वाजतात' असं सांगणारे भेटतील. त्यांना विचारा, किती बेस मोजल्या?

पिकअप आणि केबल. इथे मात्र सल्ल्यात तथ्य आहे, पण कारण भलतंच सांगितलं जातं. पिकअप म्हणजे मॅग्नेटभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. लोखंडी तार मॅग्नेटसमोर हलली की वेढ्यांतून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि व्होल्टेज तयार होतं. विद्युतचुंबकीय प्रवर्तन, दुसरं काही नाही. पण इतके वेढे म्हणजे मोठं इंडक्टन्स, काही हेन्री. आणि केबलला असतं कपॅसिटन्स, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. दोन्ही मिळून अनुस्पंदन मंडल. समजा ५ हेन्रीचा पिकअप, त्याचं स्वतःचं १०० पिकोफॅरड आणि ५ मीटर केबल. शिखर येतं साधारण २९०० हर्ट्झला. केबल १० मीटर केली तर ते २१५० च्या आसपास उतरतं. आवाजातली धार कमी होते, आणि कान हे पकडतो. म्हणजे केबलने फरक पडतो हे खरं, पण तो लांबी आणि कपॅसिटन्समुळे पडतो, सोन्याच्या मुलाम्याने नाही. टोनचं बटण पूर्ण बंद केलं की मंडलात सहसा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतो आणि तेच शिखर ३३० हर्ट्झपर्यंत खाली येतं. म्हणून पहिलं मॉडिफिकेशन करायचंच असेल तर पिकअपला हात लावू नका. निरनिराळे कपॅसिटर लावून बघा. एक चहाच्या किमतीत येतो. जुना काढलेला भाग डबीत ठेवा आणि वहीत तारीख टाका. परत पूर्ववत करता येत नाही असा बदल सगळ्यात शेवटी.

ॲक्टिव्ह बेस, म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी आणि प्रीॲम्प असलेली, घेतलीत तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. बहुतेकींमध्ये केबलची पिनच बॅटरीचा स्विच असते. ऐन कार्यक्रमात आवाज फाटायला लागला तर आधी बॅटरी बदलून बघायची.

जॅझ बेसचा एकच पिकअप चालू ठेवला की गुणगुण ऐकू येते. दोन्ही पूर्ण चालू केले की ती जाते, कारण दोघांचे वेढे आणि मॅग्नेट परस्परांच्या उलट असतात: तारेचा आवाज बेरजेत येतो, बाहेरची गुणगुण वजाबाकीत. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची आणि तिचे संनादी १००, १५० असे. गंमत म्हणजे जी तार ९८ हर्ट्झची आहे, त्यामुळे तुमच्या वर्णपटात जी च्या शेजारी १०० चं खोटं शिखर उभं असतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथल्या माणसाला हा त्रास दुसऱ्या सुराशी होतो. इंटरनेटवरचा आलेख आपल्या आलेखाशी जुळवताना हे ध्यानात असू द्या.

आणि गुणगुण घालवायला प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कधीही काढू नका. हॉस्टेलात हा उपाय सर्रास सांगतात. गुणगुण कधी कधी खरंच कमी होते, म्हणूनच तो धोकादायक आहे. बेसच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. अर्थ नसलेल्या ॲम्पमध्ये बिघाड झाला तर पूर्ण व्होल्टेज तारांवर, म्हणजे तुमच्या बोटांवर, आणि ओठ माइकला लागले की मंडल पूर्ण. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग सदोष असलेल्या माइकला हात लागून मंचावरच गेला. व्हॉल्व्हचा ॲम्प बंद असतानाही उघडू नका, आतले कपॅसिटर नंतरही प्राणघातक व्होल्टेज धरून असतात. प्रॅक्टिस रूमची अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पिकअपवर घालणार होता त्याच्या कितीतरी कमी पैशात होतं.

देखभालीचं फार लांबवत नाही. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, फ्रेटबोर्ड आणि मागची नेक सारखी फुगत नाहीत, आणि नेकचा बाक बदलतो. मे महिन्यात बसवलेली बेस ऑगस्टमध्ये खडखडते ती बहुधा यामुळे. तपासायचं असं: पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा, तार आता पट्टीसारखी सरळ. आठव्या फ्रेटच्या वर किती फट आहे ती फिलर गेजने मोजा, गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात तीच. सुमारे ०.३ मिलिमीटर असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड घट्ट, कमी असेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, मग थांबायचं, पुन्हा सुरात लावायचं, पुन्हा मोजायचं. जोर लागतोय असं वाटलं तर सोडून द्या, जाणकाराकडे न्या. तुटलेला ट्रस रॉड म्हणजे बहुधा गेलेली नेक. तारांची उंची आणि ब्रिजवरची लांबी हे नेक सरळ झाल्यावरच. उलट क्रमाने केलं तर सगळं दोनदा करावं लागतं.

तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. गुंडाळीच्या फटीत घाम आणि मळ बसला की वरच्या संनादींचं अवमंदन वाढतं, तार 'मरते'. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं टाकून, नीट वाळवून परत लावणारे लोक आहेत; फरक पडतो, पण थोडे दिवस. आणि हे नेहमी वाईटच असं नाही. मोटाउनच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा जेम्स जेमरसन सपाट गुंडाळीच्या जाड तारा वापरायचा आणि त्या क्वचितच बदलायचा म्हणतात. तो गोल, बोथट आवाज त्याला हवाच होता. 'आवाज मुरतो' हे विधान मग खरं की खोटं? वरचे संनादी कमी होतात, एवढं मोजता येतं. ते मुरणं की मरणं, हे गाण्यावर.

सेकंडहँड घ्यायला जाल तेव्हा माझा क्रम असा: आधी नेक, मग नेक, मग बाकीचं. ट्रस रॉड फिरतो का बघा, प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट छेडून पाच सेकंद ऐका. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या. खरखरणारी बटणं, सैल जॅक, काळवंडलेले स्क्रू यावरून किंमत पाडून घ्या, कारण ते घरी दुरुस्त होतं.

शेवटी ॲम्प. आठ दहा-इंची स्पीकरांचं जे प्रसिद्ध अँपेग कॅबिनेट मंचावर दिसतं, तेसुद्धा ४१ हर्ट्झ पूर्ण ताकदीने देत नाही. तिथे आवाज बराच पडलेला असतो. तरी ई तार आपल्याला ई च ऐकू येते. ८२, १२४, १६५ असे संनादी कानावर आले की मेंदू त्यांच्यातलं अंतर बघून गायब असलेला ४१ भरून काढतो. याला हरवलेल्या मूळ स्वराचा परिणाम म्हणतात, आणि मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर बेसची चाल ओळखता येते ती याच जोरावर. हा प्रयोग आजच करता येईल. ई तारेचं रेकॉर्डिंग घ्या, ऑडॅसिटीत ६० हर्ट्झच्या खालचं सगळं तीव्र फिल्टरने कापा आणि मूळ आवाजाशेजारी ठेवा. मित्राला न सांगता दोन्ही दहा वेळा उलटसुलट ऐकवा आणि दर वेळी सूर कुठला ते गायला लावा. मग ८० च्या खालचं कापा, मग १०० च्या, मग १३० च्या. सूर नेमका कुठे हरवेल याचा अंदाज फाईल चालू करण्याआधी वहीत लिहून ठेवा. हेडफोन साधे चालतील.